स्क्रू कशाचा, कॅप कशाची: इम्प्लांटला बसण्याआधी

"दादा, टायटॅनियम घेऊ की झिर्कोनिया?" दाताचं इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात स्क्रू घालून त्यावर बसवलेला दात, घ्यायला निघालेल्यांचा हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो. मी डॉक्टर नाही. इंदुरात राजवाड्यापासून पायी दहा मिनिटांवर एक दातांची लॅब आहे, तिथे बावीस वर्षं काम करतोय. डॉक्टर माप पाठवतात, आम्ही कॅप, ब्रिज, कवळ्या करून देतो. पण घरातला एखादा माणूस दातांच्या धंद्यात आहे म्हटलं की लोक लग्नाच्या पंगतीतसुद्धा तोंड उघडून दाखवतात, त्याला इलाज नाही.

मी उलट विचारतो, "कुठे?" आणि समोरचा गोंधळतो.

लोकमान्य नगरातल्या एक काकू आहेत, माझ्या आईच्या भजनी मंडळातल्या. खालची दाढ काढून वर्ष झालं होतं. दोन दवाखान्यांतून खर्चाचे कागद आणले. एकावर लिहिलेलं टायटॅनियम, दुसऱ्यावर झिर्कोनिया, आणि दुसरा बराच महाग. काकूंचा समज असा की पहिला दात धातूचा आणि दुसरा बिनधातूचा. मी दोन्हीकडे फोन करून विचारलं, तर हाडात जाणारा स्क्रू दोघांकडेही टायटॅनियमचाच! दुसऱ्याने फक्त वरच्या कॅपचं नाव लिहिलं होतं आणि पहिल्याने कॅप कशाची ते लिहिलंच नव्हतं. काकूंनी पोह्यांचा भाव जिलबीशी ताडून पाहिला होता. इंदुरात दोन्ही एका ताटलीत येतात हे खरं, पण बिल वेगवेगळं लागतं.

पहिली पायरी: तुकडे मोजा

इम्प्लांटचा दात साधारण तीन तुकड्यांचा असतो. हाडात बसतो तो स्क्रू, खरं तर इम्प्लांट हे नाव एवढ्याच भागाचं. त्यावर हिरडीतून वर येणारा खुंट, त्याला अबटमेंट म्हणतात. त्यावर दिसणारा दात, म्हणजे कॅप किंवा क्राउन. अबटमेंट स्क्रूला पक्कं करणारा आतला बारीक स्क्रू हा चौथा तुकडा, पण त्याचा विषय पुढे येईल. हाड कमी असेल तर त्यात भरायची पावडर हा पाचवा.

डॉक्टरांकडून खर्चाचा कागद घ्याल तेव्हा या प्रत्येकासमोर पदार्थ आणि कंपनी लिहून मागा. "इम्प्लांट, सगळं मिळून" असा एकच आकडा आला तर तुलना होणारच नाही. नीट काम करणारे डॉक्टर लिहून द्यायला कुरकुर करत नाहीत, असा माझा अनुभव.

दुसरी पायरी: हाडातला स्क्रू

इथे टायटॅनियमचं राज्य आहे आणि ते उगाच नाही. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे स्वीडिश संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात आत पाहता येईल अशी टायटॅनियमची छोटी चौकट बसवून हाडाच्या मगजातलं रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर चौकट काढायला गेले तर ती निघेना. हाडाने तिला धरून ठेवलं होतं. तिथून पुढे १९६५ मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते दात काम देत होते. चाळीस वर्षांवर! दुसऱ्या कुठल्याही पदार्थापाशी एवढा जुना हिशेब नाही.

हाड टायटॅनियमला का धरतं? हवा लागली की या धातूवर क्षणात ऑक्साइडचा थर चढतो, अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा. शरीराचा संबंध खऱ्या अर्थाने त्या थराशी येतो, आतल्या धातूशी नाही. थर ओरखडला तर पुन्हा आपोआप तयार होतो, म्हणून तोंडातल्या ओलाव्यातही गंज नाही.

आता ग्रेड. शुद्ध टायटॅनियमचे १ ते ४ असे ग्रेड असतात. १ सगळ्यात मऊ, ४ सगळ्यात कणखर. फरक मुख्यतः आत मुरलेल्या ऑक्सिजनचा, ग्रेड ४ मध्ये तो जास्तीत जास्त ०.४० टक्के चालतो. दातांचे शुद्ध टायटॅनियमचे स्क्रू बहुधा ग्रेड ४ चे असतात. ग्रेड ५ ही मिश्रधातू: ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. ताकद शुद्धपेक्षा बरीच जास्त. ग्रेड २३ म्हणजे तिचीच अधिक स्वच्छ आवृत्ती. व्हॅनेडियमचं नाव ऐकून काही लोक दचकतात, पण याच मिश्रधातूचे भाग अस्थिरोगवाले कित्येक वर्षं वापरत आलेत. मला विचाराल तर जबडा रुंद आणि हाड भरपूर असेल तर ४ की ५ यावर झोप घालवू नका.

जबडा अरुंद असेल आणि बारीक व्यासाचा स्क्रू घालावा लागणार असेल तेव्हा मात्र ताकद मोजावी लागते. तिथे टायटॅनियममध्ये साधारण १५ टक्के झिर्कोनियम घातलेली मिश्रधातू मिळते, एका स्विस कंपनीने ती २००९ च्या सुमारास बाजारात आणली. इथे एक घोळ हमखास होतो. झिर्कोनियम हा धातू आणि झिर्कोनिया हे त्याचं ऑक्साइड, म्हणजे सिरॅमिक. लोखंड आणि गेरू यांच्यात जेवढं अंतर तेवढं यांच्यात. कागदावर "झिर्को" एवढंच लिहिलेलं दिसलं तर पुढचं अक्षर विचारून घ्या.

पदार्थाइतकाच पृष्ठभाग महत्त्वाचा, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. पाटा गुळगुळीत झाला की वाटण सरकतं, मग टाकीवाल्याला हाक मारून टाकी लावून घ्यायचो, आठवतं? स्क्रूचंही तेच. जुने स्क्रू तासलेले, गुळगुळीत असत. नियम होता खाली तीन महिने थांबा, वर सहा. आता वाळूचा मारा करून, आम्लात बुडवून पृष्ठभाग खरखरीत करतात, काहींवर विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइड जाड करतात. हाड चांगलं असेल तर सहा ते आठ आठवड्यांतही कॅप चढवता येते. पण "हाड चांगलं असेल तर" हे शब्द जाहिरातीत बारीक अक्षरात असतात. वरच्या जबड्याचं मागचं हाड बहुतेकांचं भुसभुशीतच निघतं, तिथे घाई करायला कुणी सांगितलं तर कारण विचारा.

तिसरी पायरी: झिर्कोनियाचा स्क्रू कधी

हाडात जाणारा स्क्रूसुद्धा झिर्कोनियाचा मिळतो. पांढराशुभ्र, सिरॅमिक, यिट्रियम ऑक्साइड घालून स्थिर केलेला. हिरडी पातळ असेल आणि दात समोरचा असेल तर टायटॅनियमची करडी छटा हिरडीतून दिसू शकते. झिर्कोनियाला ती भीती नाही. त्यावर जंतूंचा थर तुलनेने कमी चिकटतो असंही आढळलं आहे, आणि हाड त्यालाही धरतं.

अडचण आहे ती स्वभावाची. झिर्कोनिया कठीण आहे पण वाकत नाही. टायटॅनियमवर जास्त भार आला तर ते थोडं सोसतं. झिर्कोनिया सोसतं, सोसतं आणि एकदम तडकतं, काचेच्या बांगडीसारखं. हाडाच्या कडक थरापेक्षा टायटॅनियम पाच ते दहा पट ताठ, झिर्कोनिया त्याच्याही दुप्पट. बारीक व्यासात तडकण्याचा धोका वाढतो. शिवाय हे स्क्रू पुष्कळदा एकसंध असतात, खुंट त्यालाच जोडलेला. मग स्क्रू थोडा तिरका बसला तर अबटमेंट बदलून कोन सुधारायची सोय नाही आणि कॅप सिमेंटनेच चिकटवावी लागते. दोन तुकड्यांचे झिर्कोनिया स्क्रू आले आहेत, पण त्यांचा हिशेब अजून कोवळा आहे.

उद्या माझ्या आईला दाढ बसवायची असेल तर मी टायटॅनियम सांगेन, दुसरा विचार न करता. समोरचा दात, पातळ हिरडी, झोपेत दात न खाणारा माणूस, आणि झिर्कोनिया नेहमी बसवणारा डॉक्टर, हे सगळं जुळलं तर झिर्कोनिया.

पीक (PEEK) नावाचा प्लास्टिकसदृश पदार्थही ऐकू येतो. त्याचा ताठपणा हाडाच्या जवळचा, पण हाड त्याला टायटॅनियमसारखं धरत नाही. तात्पुरत्या भागांसाठी ते चांगलं, एवढं पुरे.

ॲलर्जीचं काय?

हे सविस्तर सांगतो, कारण इथे लोक नेमक्या चुकीच्या तुकड्यावर शंका घेतात.

"मला खोटे दागिने चालत नाहीत, मानेवर पुरळ येतं, म्हणजे टायटॅनियम चालणार नाही ना?" असं विचारणाऱ्या बायका मला खूप भेटतात. खोट्या दागिन्यांनी, घड्याळाच्या पट्ट्याने, जीन्सच्या बटणाने येणारं पुरळ बहुतेक वेळा निकेलचं असतं. टायटॅनियमच्या स्क्रूमध्ये निकेल घातलेलं नसतं. टायटॅनियमची ॲलर्जी होत नाही असं नाही, पण ती फार विरळ आहे.

पण निकेल तुमच्या तोंडात येऊ शकतं ते वरून! आमच्या लॅबमध्ये सगळ्यात स्वस्त सिरॅमिक कॅप होते ती आतून धातूची, बाहेरून पोर्सिलेनची. पीएफएम म्हणतात तिला. तिच्या आतला धातू पुष्कळ ठिकाणी निकेल-क्रोमियम असतो. म्हणजे बाई टायटॅनियम नको म्हणून घाबरणार, महागडा झिर्कोनिया स्क्रू घेणार आणि वर पैसे वाचवायला निकेलची कॅप चढवणार. असं एक माप माझ्या टेबलावर खरंच आलं होतं. मी डॉक्टरांना फोन केला, कॅप बदलली. निकेलचा त्रास असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा आणि कॅप पूर्ण सिरॅमिकची किंवा निकेल नसलेल्या धातूवरची मागा.

एमआरआयचीही चौकशी होते. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. डोक्याच्या एमआरआयमध्ये दातांच्या आसपास चित्र थोडं बिघडू शकतं, म्हणून तंत्रज्ञाला आधी सांगून ठेवायचं.

चौथी पायरी: मधला खुंट

लॅबवाल्याला विचाराल तर खरी करामत इथे आहे. हाडाने धरलेला स्क्रू सहसा निसटत नाही. आमच्याकडे परत येतात ते हलणारे खुंट, सैल झालेले आतले स्क्रू.

अबटमेंट टायटॅनियमचं, झिर्कोनियाचं, किंवा खाली टायटॅनियमचा पाया आणि वर झिर्कोनिया असं मिळतं. समोरच्या दातासाठी शेवटचा प्रकार मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. हिरडीतून पांढरा रंग येतो, आणि स्क्रूशी जिथे घट्ट बसायचं तिथे टायटॅनियम टायटॅनियमला लागतं. पूर्ण झिर्कोनियाचं अबटमेंट थेट टायटॅनियमच्या स्क्रूत बसवलं तर कठीण झिर्कोनिया हळूहळू त्या स्क्रूचं तोंड झिजवतं. स्क्रू हाडात आहे, तो बदलता येत नाही; झिजला तर दुखणं मोठं.

पूर्वी आम्ही काही अबटमेंट धातू वितळवून ओतायचो. ओतकामात कड कितीही घासली तरी कारखान्यात यंत्रावर कापलेल्या भागाइतकी नेमकी येत नाही. फट राहिली की तिथे जंतू, मग हिरडी लाल, मग हाड झिजायला सुरुवात. आज ओतीव अबटमेंटचा प्रस्ताव आला तर स्वस्त का, हे कळलं असं समजा.

आणखी एक विचारा: अबटमेंट स्क्रू बनवणाऱ्या कंपनीचंच आहे की "जुळणारं"? बाजारात दुसऱ्यांचे जुळणारे भाग भरपूर मिळतात. काही ठीक असतात, काहींत केसाएवढा फरक असतो आणि आतला स्क्रू सहा महिन्यांत सैल. तो बारीक स्क्रू डॉक्टर टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळतात, बहुतेक प्रणालींत ३० ते ३५ न्यूटन सेंटिमीटर, कंपनी सांगेल तितकं. हाताने "झालं घट्ट" म्हणून चालत नाही.

पाचवी पायरी: कॅप

इथे पर्याय सगळ्यात जास्त, आणि घरात चर्चाही हीच होते, कारण दिसतं ते हेच.

पीएफएम स्वस्त आणि मजबूत, पण बाहेरचं पोर्सिलेन टवका उडून जातं. इम्प्लांटवर जरा जास्तच. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते, चावताना दात किंचित दबतो आणि मेंदूला खबर जाते. इम्प्लांटला ती गादी नाही. त्यामुळे गराडू, म्हणजे आमच्याकडचा तळलेला कंद, किंवा करकरीत लसणी सेव चावताना भार किती पडला हे नीट कळत नाही. थंडीत सराफ्याच्या खाऊबाजारात उभं राहून गराडू खाणारा आणि वर सुपारी कातरणारा माणूस असेल तर मी डॉक्टरांना स्पष्ट सांगतो, पोर्सिलेनची सोंगं नकोत, अखंड झिर्कोनिया द्या.

अखंड झिर्कोनिया मागच्या दाढांना माझी पहिली पसंती. पण इथेही "झिर्कोनिया" एकच नाही. जुनी, जरा अपारदर्शक झिर्कोनिया सर्वांत मजबूत. जास्त पारदर्शक, खऱ्या दातासारखी दिसणारी झिर्कोनिया तुलनेने कमजोर. यिट्रियम ऑक्साइड वाढवलं की देखणेपण येतं आणि बळ जातं. म्हणजे "सुपर पारदर्शक, सर्वोत्तम" अशी महाग कॅप मागच्या दाढेवर घालणं म्हणजे पैठणी नेसून गहू दळायला बसणं. समोरच्या दाताला ती पारदर्शक झिर्कोनिया किंवा लिथियम डायसिलिकेट नावाचं काचेसारखं सिरॅमिक शोभून दिसतं.

कॅप बसवताना डॉक्टर उंची जुळवायला थोडं घासतात. घासलेली झिर्कोनिया खरखरीत राहिली तर समोरचा तुमचा खरा दात झिजवते. त्या जागी पुन्हा पॉलिश करून द्या, एवढं खुर्चीवरच म्हणा. चकचकीत पॉलिश केलेली झिर्कोनिया समोरच्या दाताला फारसा त्रास देत नाही.

कॅप स्क्रूने बसवायची की सिमेंटने, हेही विचारा. स्क्रूची असेल तर चावण्याच्या बाजूला छोटं छिद्र भरलेलं दिसतं, पण काही बिघडलं तर डॉक्टर ती उघडून दुरुस्त करू शकतात. सिमेंटची सुबक दिसते, पण हिरडीखाली सिमेंटचा कण राहिला तर तो कुसळासारखा सलतो, सूज येते, हाड जातं. जागा परवानगी देत असेल तर स्क्रूची.

सहावी पायरी: हाडाची पावडर, शाकाहारी घरांसाठी खास

दात काढून बरेच दिवस झाले की जबड्याचं हाड बसतं आणि डॉक्टर "थोडं ग्राफ्ट घालावं लागेल" म्हणतात. ते ग्राफ्ट चार ठिकाणांहून येतं: तुमच्याच जबड्यातून काढलेलं हाड, दान केलेल्या मानवी हाडावर प्रक्रिया करून, जनावराच्या, बहुधा गाईबैलांच्या, हाडातलं खनिज, आणि पूर्णपणे कृत्रिम, म्हणजे हायड्रॉक्सीॲपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. वरून झाकायला पातळ पडदा घालतात, तो पुष्कळदा डुकराच्या किंवा गाईच्या कोलॅजेनचा असतो.

आमच्याकडे कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य असलेली घरं आहेत, आणि शस्त्रक्रिया झाल्यावर माहितीपत्रक वाचून रडलेली एक आजी मला माहीत आहे. डॉक्टरांनी मुद्दाम लपवलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. तुम्हाला फरक पडत असेल तर आधी विचारा. जनावराच्या हाडाचं खनिज फार सावकाश विरघळतं म्हणून आकार टिकवतं, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरतं. लहान जागेला कृत्रिमही चालतं. मोठी जागा भरायची असेल तर पर्याय डॉक्टरांशी बसून ठरवायचा.

सातवी पायरी: पैसे

आकडे मी सांगत नाही, महिन्याला बदलतात. क्रम मात्र साधारण असा: स्वीडिश-स्विस कंपन्यांचे स्क्रू सगळ्यात महाग, कोरियन आणि इस्रायली त्याखाली, भारतीय बरेचदा सगळ्यात स्वस्त. कोरियन-इस्रायली प्रणाली वाईट नाहीत, आमच्याकडे येणारी पुष्कळ मापं त्यांचीच असतात. स्क्रूवर कंजुषी करण्याआधी इतर पदार्थांची बेरीज बघा. पुष्कळदा फरक कॅपमध्ये आणि हाडाच्या पावडरीत लपलेला असतो.

खर्च झेपत नसेल तर इंदुरात एमवाय या सरकारी हॉस्पिटलजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात एकदा चौकशी करून या. रांग लागेल, हे गृहीत धरून सकाळीच निघा.

मधुमेह ताब्यात नसेल, तंबाखू-गुटखा सुरू असेल, किंवा हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं चालू असतील, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून आधी तेच डॉक्टरांना सांगा. पदार्थ कितीही भारी असला तरी गुटख्यापुढे त्याचं काही चालत नाही.

आठवी पायरी: स्टिकर

स्क्रूच्या डबीवर एक स्टिकर असतो: कंपनी, प्रणाली, व्यास, लांबी, लॉट नंबर, मुदत. सहसा दोन किंवा तीन सुटे स्टिकर त्यासाठीच दिलेले असतात. एक डॉक्टरांच्या फाइलीत जातो, एक तुमचा. मागून घ्या. कॅप आणि अबटमेंट बसवल्यावर त्यांचा तपशीलही त्याच कागदावर लिहून घ्या.

दर काही महिन्यांनी कुणीतरी सैल दात घेऊन येतो: स्क्रू दुसऱ्या शहरात बसवलेला, डॉक्टर तिथून निघून गेलेले, कंपनी कुणालाच आठवत नाही. कंपन्यांचे स्क्रूड्रायव्हर पुष्कळदा वेगवेगळे. मग एक्स-रेवरून आकार ओळखायचा, तीन-चार ओळखीच्या दवाखान्यांतून ड्रायव्हर मागवायचे, आणि तरीही कधी जमत नाही. जमलं नाही की कॅप कापून काढावी लागते.

काकूंनी शेवटी ग्रेड ४ चा टायटॅनियम स्क्रू, त्याच कंपनीचं टायटॅनियम अबटमेंट आणि अखंड झिर्कोनियाची स्क्रूने बसणारी कॅप घेतली. स्टिकर गॅसच्या पासबुकात चिकटवला आहे, आणि त्याचा फोटो पुण्यातल्या मुलाकडे पाठवला आहे.